कलकत्त्याचं बोलावणं

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. आमच्या फुटबॉल क्लबचा मधल्या फळीतला तो खेळाडू वाडीच्या गोदामात ट्रक उतरवून सदरच्या मैदानावर यायचा. चेंडू पायाशी आला की आधी मान वर करून बघायचा, मगच पास द्यायचा. ज्याला पाडलं, त्याला स्वतः हात देऊन उठवायचा.

कलकत्त्याच्या मोठ्या क्लबचा माणूस त्याला बघायला आला, तेव्हा आमची फायनल तोंडावर होती. मी क्लबचा सेक्रेटरी. पाहुण्याला चहा पाजला आणि सांगितलं, "खेळतो छान, पण गुडघा गेलाय." पाहुणा परत गेला. फायनल आम्ही जिंकलो.

बूट सोडता सोडता त्यानं मला विचारलं, "काहून जी भाऊ, त्यायले माहा खेळ पटला नाही का?"

"येतीन पुढच्या साली," मी म्हणालो.

"मंग अजून मेहनत करतो. नाहीतरी तिथं रोज मासे खा लागले असते," तो हसला.

पुढची काही वर्षं तो पहाटे एकटाच पळायचा. मग मैदानावर येणं बंद झालं. गोदामाजवळ दिसला की लांबून हात करायचा. मी दरवेळी थांबलो, मुलाबाळांची चौकशी केली आणि निघालो. गेल्या महिन्यात तो वारला. मीच खोटं बोललो, माफ कर, एवढंच मला त्याला म्हणायचं होतं.