तुडुमातल्या बुढीची शिफारस

"मॅडम, तुमच्या पुस्तकानं आमच्या गावचं भूत खराब केलं," फोनवरचा माणूस म्हणाला.

मी चंद्रपूरच्या ऑफिसात होते. समोर नव्या पुस्तकांचा ढीग, हातात अर्धा खाल्लेला समोसा. मला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय.

"खराब म्हणजे?"

"म्हणजे पोट्टे आता त्याले भेत नाई. मुरमुरे चारून राह्यले त्याले."

"मग चांगलंच आहे की."

मग तो म्हणाला, "तुमी इकडं या. कितीक चांगलं आहे ते दाखवतो."

आधी माझं काम सांगते. आमची छोटी संस्था खेड्यातल्या शाळांना पुस्तकपेट्या पाठवते. पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक, आत चाळीस पुस्तकं. तीन महिने एका शाळेत राहते, मग पुढच्या. पेटीत काय जायचं ते आम्ही वाचून ठरवतो. माझ्याकडे पऱ्या, राक्षस, चेटकिणी आणि भुतं असा विभाग आहे. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर मी एक निवड-चिठ्ठी चिकटवते. तिच्यावर वय, दोन ओळींत सार, शिफारस करणाऱ्याची सही आणि भीतीचं माप असतं. माप मिरच्यांत. एक मिरची म्हणजे गुदगुल्या. दोन म्हणजे झोपताना पाय पांघरुणात घ्यावे लागतात. तीन मिरच्यांचं पुस्तक चौथीच्या खाली द्यायचं नाही.

हा विभाग माझ्याकडे असणं हाच मोठा विनोद आहे. आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा कोळसा खाणीत कामाला आणि उरलेला वेळ अंधश्रद्धेविरुद्ध. मी अक्षरं जोडायला शिकले ती 'जाहीर आवाहन'वरून. माझं नाव क्रांती आहे, यावरून घराची कल्पना यावी. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी संस्था चालवणाऱ्या सरांना बजावलं होतं, भीती विकणारं एकही पुस्तक माझ्या सहीने जाणार नाही. सर म्हणाले, "आधी वाच तर." वाचलं. भूत नसतं हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही आहे. पण गोष्टीतलं भूत चांगलं असेल तर त्याला मी जागा देते.

ज्या पुस्तकाबद्दल तक्रार होती ते माझं लाडकं होतं. विहिरीत राहणारं एक भूत. त्याला पोहता येत नाही आणि मित्र नाही. एक मुलगी त्याला मुरमुरे देते, दोघांची दोस्ती होते. माझी चिठ्ठी अशी होती: 'वय ७ ते १०. मिरची एक. भुताची भीती घालवतं. प्रत्येक पेटीत असावं.' 'घालवतं' या शब्दाखाली मी रेघ मारली होती.

दुसऱ्या दिवशी बसने मूल या तालुक्याच्या गावी उतरले. फोन करणारे सुखदेवभाऊ मोटरसायकल घेऊन आले होते. ते डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, तळ्यात मासे धरतात, वर थोडा धान, म्हणजे भात, पिकवतात. त्यांची मुलगी पायल चौथीत. गावाचं नाव लिहीत नाही. गावाने आपल्या भुताचा पत्ता मला विश्वासाने सांगितला आहे.

ते मला शाळेत न नेता थेट तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, घेऊन गेले. तळं जुनं, भरलेलं, एका कोपऱ्यात शिंगाड्याचे वेल. पाळीच्या आतल्या अंगाला दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या.

"हे तुडूम," सुखदेवभाऊ म्हणाले. "पायरीले भोक आहे, भोकात लाकडाचं बूच. धानाले पानी पायजे असलं का बूच काढतेत. पानी पाळीच्या खालून नहरात जाते. वरून काईच दिसत नाई. पन भोकावर पाय गेला तं वापस येत नाई."

"आणि भूत?"

"ते याच्यातच राह्यते. बुढी आहे. केस मोकळे, हात लांब. पोट्टं पायरीवर आलं का पाय धरते अन् आत ओढते. मले माह्या आजीनं सांगतलं. तिले तिच्या आजीनं. आमच्या ध्यानात तं एकबी पोट्टं इथी बुडालं नाई."

मी पाण्याकडे पाहत राहिले. पाय धरते आणि आत ओढते. बूच काढल्यावर पाणी नेमकं तेच करतं. बुढीच्या वर्णनात चूक काहीच नव्हती.

"मंग तुमचं पुस्तक आलं," ते म्हणाले. "त्यातलं भूत बिचारं. पायल वाचून म्हणते, बाबा, आपली बुढीबी बिचारी असन. तिलेबी कोनी दोस्त नसन. अन् दुसऱ्या दिवशी पाच जनं आले मुरमुरे घेऊन. या पायरीवर बसले, पान्यात पाय सोडून. बूच तवा जरासंच उघडं होतं. मुरमुरे टाकले तं ते गोल फिरले अन् गेले आत. पोट्टे टाळ्या वाजवून राह्यले, का बुढी जेवली म्हणून."

"तुम्ही कुठे होतात?"

"डोंग्यात. जाळं तिथीच सोडलं अन् आलो."

रेघ मारलेला तो शब्द डोळ्यांपुढे आला.

"पायऱ्यायले कुंपन केलं तं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. घाबरले की माझी बोली घरची होते.

"बूच काढाले मानूस उतरते न तिथूनच. अन् कुंपनावरून उतरत नाईत असे पोट्टे मले दाखवा. आता धान गर्भात आला, त्याले पानी पायजेच. चार दिवसांनी बूच पूरं निघन. बंद ठेवता येत नाई, अख्खं गाव धानावर आहे. तवरोक आमी पाळीपाळीनं इथी बसून राह्यलो. पन जनमभर कोन बसन?"

"तुम्हाला काय हवंय, भाऊ?"

"एक चांगलं भेवाडनारं पुस्तक द्या. तीन मिरचीवालं. आमची बुढी पयल्यासारखी डेंजर करून द्या."

मी नाही म्हणाले. पोरांना खोट्याची भीती घालून वाचवायचं नाही, खरं सांगून वाचवायचं, असं छोटं भाषणच दिलं. सुखदेवभाऊंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"आमी खोटं सांगतलं तवरोक पोट्टे जित्ते राह्यले," ते म्हणाले. "तुमी खरं सांगून पाहा. मी बसतो पाळीवर."

संध्याकाळी सरांना फोनवर सगळं सांगितलं.

"पेटी परत आण," सर म्हणाले. "आणि भुतांचा विभाग बंद. सगळ्या पेट्यांतून काढ."

"सर, चूक पुस्तकाची नाही. चिठ्ठी माझी होती."

"एखादं मूल गेलं तर चूक कोणाची यावर वाद घालत बसणार आहेस का तू?"

"चार दिवस द्या."

"चार म्हणजे चार."

आता पत्रकावर वाढलेली मुलगी काय करेल? मी पत्रक काढलं. शीर्षक: 'तुडुमात भूत नाही, पाण्याचा दाब आहे.' खाली सात मुद्दे. मूलच्या बाजारात झेरॉक्स काढल्या, शाळेत वाटल्या, मोठ्याने वाचून दाखवल्या. पोरं हाताची घडी घालून ऐकत होती. मी खूश होऊन चंद्रपूरला परतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुखदेवभाऊंचा फोन. "मॅडम, कागद लय चांगला वापरला तुमी. होड्या मस्त होऊन राह्यल्या."

"कसल्या होड्या?"

"पत्रकाच्या. पोट्ट्यायनं पाळीवरून सोडल्या, बुढीले वाचाले. वाचून राह्यली ती. एकेक होडी आत घेऊन राह्यली."

"पोरं कुठेत?"

"पाळीवरच. माह्या पुढं जाऊ देत नाई. पन माहा डोया चुकवाची वाट पाहून राह्यलेत."

बाबांनी आयुष्यात हजारो पत्रकं वाटली. भुतापर्यंत थेट पोचलेलं हे आमच्या घरातलं पहिलंच.

मी पुन्हा बस पकडली. पायल शाळेच्या पायरीवर भेटली. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

"पायल, पत्रक वाचलंस?"

"हो ताई. पाठ आहे." तिने पहिले तीन मुद्दे म्हणूनही दाखवले.

"मग तुडुमाकडे का जाता?"

तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "तुमीच तं लिवलं भूत नाई म्हणून. मंग भ्याचं कायले?"

एकच चूक मी दोनदा केली होती. आधी गोष्टीतून, मग मुद्द्यांतून. दोन्ही वेळा पोरांना एकच सांगितलं होतं, घाबरू नका. आणि पोरं शहाणी. त्यांनी ऐकलं.

"अन् ताई," पायल म्हणाली, "बुढी नाई तं मुरमुरे कोनं खाल्ले?"

सात मुद्द्यांत याचं उत्तर नव्हतं. 'दाब' हा शब्द होता. तो तिने पाठ केला होता, मी पाढे पाठ करायचे तसा.

मी सुखदेवभाऊंना गाठलं. "भाऊ, पोरांना दाखवता येईल? आत काय होतं ते?"

"दाखवलं तं बुढी मरन."

"ती तशीही पुस्तकाने आजारी पडली आहे."

ते हसले नाहीत. बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत राहिले. मग म्हणाले, "उद्या बूच निघते. गुरुजीले सांगा, साऱ्यायले घेऊन या. पाळीवर, वरतंच. खाली एकबी नोको."

चौथ्या दिवशी सकाळी सगळी शाळा पाळीवर ओळीत उभी होती. ज्यांचा धान या पाण्यावर आहे असे पंधरावीस जण खाली, नहराच्या बाजूला. सुखदेवभाऊ आले ते हातात तुंबा घेऊन.

तुंबा म्हणजे वाळवलेला मोठा भोपळा. आत नुसती हवा. इथली पोरं तो पाठीला बांधून पोहायला शिकतात. तुंबा बुडत नाही, याबद्दल त्या गावात कोणाला शंका नाही.

"बाबा, हा तं माहा तुंबा आहे," पायल म्हणाली.

"तुहाच आहे."

त्यांनी तुंब्याला दोर बांधला. एकाने पाण्यात उतरून, कमरेला दोर आणि दोराला तिघं जण, बूच काढलं आणि लगेच वर आला. पाणी वरून जसंच्या तसं. एक लाट नाही. सुखदेवभाऊंनी तुंबा पाण्यावर सोडला आणि लांब बांबूने हळूच पायरीकडे ढकलला.

तुंबा तरंगत गेला. जरा थांबला. गोल फिरला, एकदा, दोनदा. मग वाकला आणि खाली गेला. आवाज झाला नाही.

"येते वर," कोणीतरी पोरगं म्हणालं. सगळे वाट पाहत होते. तुंबा आला नाही.

"ओढा," सुखदेवभाऊ म्हणाले. चार माणसांनी दोर ओढला. दोर ताठ झाला, माणसांचे पाय मातीत रुतले, पण तुंबा जागचा हलला नाही. परत ओढलं. खाली काहीतरी फुटलं आणि दोर मोकळा होऊन चौघंही मागे बसले. एरवी पोरं पोट धरून हसली असती.

थोड्या वेळाने पाळीच्या पलीकडे नहरात पिवळे तुकडे वाहत आले. हाताएवढे, बोटाएवढे. गुरुजींनी एक उचलून पायलच्या हातात दिला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला. मग वडिलांच्या शर्टाचं टोक धरून उभी राहिली. जेवणाची सुट्टी होईपर्यंत ते सोडलं नाही.

मी काही बोलले नाही. त्या नोकरीतला माझा सगळ्यात शहाणा निर्णय तोच असावा.

दुपारी वर्गात पोरांनी माझ्याकडे एक कोरी निवड-चिठ्ठी मागितली. आमच्या चिठ्ठ्या त्यांना पेटीमुळे तोंडपाठ होत्या. बराच वेळ कुजबूज, खोडाखोड, मिरचीला लाल खडू की हिरवा यावर भांडण. मग पायलने ती आणून दिली.

'तुडुमातली बुढी. वय सगळे. मिरच्या तीन. सार: ही पाण्याची आहे. बूच काढलं की जागी होते. तिला दोस्त नको. पाळीवरून पाहावी, पायरीवर जाऊ नये.'

"खाली सही पायजे ताई," पायल म्हणाली. "शिफारस करनाऱ्याची."

मी पेन काढलं आणि थांबले. दारात सुखदेवभाऊ उभे होते. ते म्हणाले, "करा जी. तुमच्या तत्त्वाले काई होत नाई. पानीच तं लिवलं आहे."

मी सही केली. माझ्या सहीने गेलेली ती पहिली तीन मिरच्यांची शिफारस. आता शाळेच्या भिंतीवर आहे. नवीन पहिलीतल्या पोरांना चौथीवाले ती वाचून दाखवतात आणि तुंब्याचा तुकडा हातात देतात, असं गुरुजी सांगतात. त्यानंतर पायऱ्यांवर कोणी दिसलेलं नाही. सुखदेवभाऊ मात्र अजून डोंग्यातून तिकडे नजर ठेवून असतात. विहिरीतलं भूतही पेटीतच आहे. त्याच्या चिठ्ठीवरची रेघ मी खोडली.

सरांनी विभाग बंद केला नाही. पण मी शाळांच्या फॉर्ममध्ये दोन प्रश्न वाढवले तेव्हा त्यांनी चष्मा काढून कागद जवळ धरला.

"'गावचं भूत कुठे राहतं? तिथे काय आहे?' हे आपण लेटरहेडवर विचारायचं?"

"हो सर."

"लोक हसतील."

लोक हसले नाहीत. पहिलं उत्तर आलापल्लीकडच्या एका शाळेतून आलं, अगदी सुवाच्य अक्षरात: 'नाल्यापलीकडच्या मोहाच्या झाडावर राहते. तिथे अस्वल येते.' त्या पेटीतून मी झाडावरच्या प्रेमळ भुताचं पुस्तक काढून घेतलं आणि एका आळशी राक्षसाचं घातलं. तो डोंगरावर राहतो. त्या शाळेजवळ डोंगर नाही.

गावात भुताचं पुस्तक पाठवण्याआधी तिथल्या भुताची चौकशी करावी. ते बहुतेक वेळा ड्यूटीवर असतं.