वांझ फुलं

लग्नाच्या पत्रिकेत सासरच्यांनी माझं बी.एस्सी. ठळक अक्षरांत छापलं होतं. विषय वनस्पतिशास्त्र म्हटल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एवढंच विचारलं, "म्हंजी रान निंदायला येतंय का?" त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. चार वर्षं मूल झालं नाही, तेव्हा मात्र घरातला प्रत्येकजण शास्त्रज्ञ झाला. जिंतूरला तपासण्या झाल्या, परभणीला झाल्या, सगळ्या माझ्याच. दोष काही निघाला नाही. नवऱ्याला तपासावं हे कुणाला सुचलंच नाही. तो जत्रेत कुस्त्या मारलेला माणूस, त्याला काय होणार?

त्या वर्षी आत्याबाईंनी परसात लाल भोपळा लावला. वेल छपरावर चढला, फुलं आली, काहींच्या बुडाशी लिंबाएवढी फळंही दिसली आणि चार दिवसांत पिवळी पडून गळून गेली. चौकशी न होताच निकाल लागला. पाळीत माझी सावली वेलावर पडली असणार. त्या दिवसांत मला वेलाजवळ जायची बंदी होतीच, ती आता महिनाभराची झाली. दृष्ट लागू नये म्हणून वेलाला जुनी चप्पल टांगली. चपलेला तिथं जागा होती, मला नव्हती.

खरा घोटाळा रोज माझ्या डोळ्यांदेखत व्हायचा. उजाडताच आत्याबाई ज्या फुलांखाली फळ नाही तेवढी खुडून घ्यायच्या. "वांझ फुलं हायती. येलाचा रस फुकट पितेत," म्हणायच्या आणि देवाला वाहायच्या. ती नर फुलं होती. त्यांच्या मधल्या दांड्यावरची पिवळी भुकटी, म्हणजे पराग, मधमाशीच्या अंगाला लागून मादी फुलात जाते. तिथल्या चिकट टोकावर परागाचा कण बसला की त्याला बारीक नळी फुटते, ती आत कोवळ्या बीजापर्यंत उतरते आणि मग फळ धरतं. इथं माशी यायच्या आधीच सगळे नवरदेव देव्हाऱ्यात जाऊन बसलेले. वर वांझपणाचा ठपका बाईवर. मला हसू यायचं आणि संतापही व्हायचा.

सांगून कुणी ऐकणार नव्हतं. म्हणून पुढच्या पाळीत, मुद्दाम त्याच दिवसांत, मी आत्याबाईंच्या आधी उठले. एका नर फुलाच्या पाकळ्या सोलल्या, दांडा तीन मादी फुलांत फिरवला आणि त्यांच्या देठांना लाल दोरा बांधला.

बाकीची गळाली, ती तिन्ही धरली. आठवड्याभरात नारळाएवढी झाली. आत्याबाई हात जोडून म्हणाल्या, "कोन्या देवाचा दोरा हाय ह्यो?"

"देवाचा नाही, माझा. पाळीत असताना बांधलाय."

त्यांनी हात सोडले. मी देव्हाऱ्यातलं एक फूल आणून त्यातली भुकटी त्यांच्या बोटाला लावली. "ही पोचली नाही, तर मादी फूल कितीही चांगलं असू द्या, फळ गळणारच."

त्यांनी ते बोट उजेडात धरून पाहिलं. आता सगळं घर गोमूत्रानं धुवायला लावतात की काय, असं मला वाटलं.

दुपारी नवरा जेवायला बसला. त्याच्या ताटात पिठलं वाढता वाढता आत्याबाई म्हणाल्या, "उंद्या हिच्यासंगं परभणीला जा. आता तुजी बी तपासणी करून घे."

त्याचा घास हातातच राहिला. त्या दवाखान्याच्या बाकड्यावर चार वर्षं मी एकटी बसले होते. मी त्याला विचारलं, "भाकरी वाढू का अजून?"