आमच्या डेअरीचा इंडेक्स कोण मोडतंय?

नातसून म्हणाली, "आबा, डेअरीतलं किस्से लिवून काढा की!" चौथी पास माणसाला या वयात लिवायला बसवतीस व्हय गं? पण एका कॉम्प्युटरपायी एवढं साठलंय की न बोलून पोट फुगलंय.

कळंब्याच्या अलीकडं आमची दूध संस्था. मी तिथला शिपाई, सदबा. दूध घालणाऱ्याचा नंबर टाकला की कॉम्प्युटर नाव दावतो. कुठला नंबर कुठं सापडंल याची त्याच्या पोटात यादी असती, तिला म्हणायचं इंडेक्स. ती मोडली की नव्यानं बांधायला अर्धा तास! आणि आमची रोज मोडायची.

चेअरमन आनंदराव भर रांगेत गरजले, "सदबा, तूच कायतरी दाबतोस! पुन्हा मोडला तर घरी बस!" तीस वर्षं झाडलोट केली, त्याचं हे बक्षीस!

*

प्रोग्राम बसवला गारगोटीच्या स्नेहल मॅडमनी. त्यांनी सेटिंग केलं: कॉम्प्युटर चालू झाला की मोडका इंडेक्स आधी बांधायचा. झालं! सकाळी सहाला रांग दारात आणि पडद्यावर 'थांबा'.

पारूबाई किटली आपटून म्हणाली, "माझी म्हस थांबली न्हाय, ह्यो मुडदा कशाला थांबतोय?"

*

मॅडमना फोन केला. त्यांनी सेटिंग बदललं: पैला नंबर टाकला की बांधायचा. म्हंजे पैल्या माणसापायी सगळी रांग खोळंबणार आणि शिव्या त्यालाच! पुढं घुसायला भांडणारी माणसं एकमेकांच्या मागं लपायला लागली.

तेवढ्यात एकाचा नेसरीचा जावई सासऱ्याची किटली घेऊन आला. "या पावणं, पैला मान तुमचा!" म्हणत सगळ्यांनी त्याला पुढं घातला.

घरी जाऊन सासऱ्याला म्हणतोय, "मामा, तुमच्या गावात मला लई मान हाय हो!"

*

मग तिसरं सेटिंग केलं: आपण सांगितल्याशिवाय बांधायचाच न्हाय. दुसऱ्या दिवशी पारूबाईचा नंबर टाकला, तर नाव आलं गणपातात्याचं. तात्याला जाऊन दोन वर्षं झालेली!

पारूबाईनं डोक्यावर पदर घेतला. "जित्तेपणी तात्यानं कधी बिनपाण्याचं दूध घातलं न्हाय. आता तरी फॅट चांगली लागली का बघा!"

मग मीच किटल्या बघून नावं सांगितली. चेपलेली पारूबाईची, तारेनं बांधलेली सुताराची. क्लार्कनं कागदावर लिवली, एक चुकलं न्हाय. तर आनंदराव म्हणतात, "बघा! आपल्याशिवाय चालू नये म्हणूनच ह्यो मोडतोय!"

मी झाडू उचलला.

*

शेवटी मॅडम स्वतः आल्या. "कधी बांधायचा ते तीनदा ठरवलं. का मोडतो, ते कुणी बघितलंच नाही," म्हणाल्या. कॉम्प्युटरातच नोंद सापडली: दूध घेऊन झालं की रोज त्याची वीज एकदम तुटती, आणि त्यानंच इंडेक्स मोडतो.

"सदबाच!" आनंदराव ओरडले.

"मग आज सदबामामांना माझ्याजवळ बसू द्या," मॅडम म्हणाल्या.

एरवी त्या वेळी मी आणि क्लार्क टेम्पोत कॅन चढवायला बाहेर असतो. परत येतो तर कॉम्प्युटर बंद. मला वाटायचं क्लार्कनं केला, त्याला वाटायचं मी.

त्या दिवशी क्लार्क एकटाच गेला. मॅडम आणि मी कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसलो. आनंदराव उठले, देवाच्या फोटोला हात जोडले, चपला घातल्या. "लाईट फुकट जळतीया," असं पुटपुटत भिंतीवरचं मेन बटण खटकन खाली पाडलं.

पडदा काळा!

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी आनंदरावांकडं.

ते म्हणाले, "सदबा, माझी छत्री दे."

छत्री दिली. माफी अजून यायची हाय, आनंदराव!