लाल दिसली ती बाग

साठीत असताना मी फार हुशार होते. त्या हुशारीत मी सुनेच्या भरल्या द्राक्षबागेला आजारी ठरवलं आणि पाणी पाजपाजून तिचे मणी तडकवले.

झालं असं, की सुनेच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून ती येवल्याला गेली. जमीन आमची, पण जुनी बाग काढून नवी कलमं तिनं लावलेली, आणि हा तिचा पहिला माल. मणी नुकते गोडीला आलेले. जाताना म्हणाली, "आई, उपग्रहाचा फोटो आला की पाठवते. जिथं ताण दिसेल तिथलाच ठिबकचा कॉक उघडा." फोटो कसा वाचायचा तेही तिनं समजावलं होतं. तजेलदार पान आपल्याला न दिसणारा एक उजेड परत फेकतं, उपग्रह तो टिपतो, आणि फोटोत त्याला लाल रंग देतात. मी मेथी निवडता निवडता "हो हो" म्हटलं. डोक्यात शिरला तो फक्त उपग्रह.

फोटो आला. गोधडीसारखा, ठिगळाठिगळांचा. आमचा प्लॉट लालभडक, एक कोपरा तेवढा राखाडी. पोरीची बाग पेटली की. सगळे कॉक ओट्यापाशीच, त्यातले लाल ओळींचे मी सकाळ-संध्याकाळ उघडले. राखाडी कोपरा बरा दिसतोय म्हणून त्याचा बंदच केला. बाग आमच्या ओट्यावरून दिसते. पण ओट्यावरून बघणं हे अडाण्याचं काम. मी चष्मा लावून मोबाइलात बघत होते. शेजारच्या दोघींना बोलावून दाखवलीसुद्धा.

सून परतली ती थेट बागेत गेली. कोपऱ्यातल्या नळ्या आधीच चोंदलेल्या, फोटो तेच सांगत होता, आणि वरून मी पाणी तोडलेलं. तिथली पानं माना टाकून उभी. लाल ओळींत घडामागून घड तडकलेले. ती ओळीओळीनं फिरली. बराचसा माल वाचला होता, व्यापाऱ्याला दाखवण्याजोगा. मी ओट्यावर बसून रडवेला चेहरा तयार ठेवला होता. तो कामाला आला नाही. तिनं तडकलेल्या मण्यांचं पातेलं माझ्या पुढ्यात ठेवलं, त्यातला एक माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली,

"आई, हे सगळे तुम्हीच संपवायचे. आणि पुढचा फोटो आला, की आधी पायात चपला घाला."