कापसाच्या ढिगावरचा संगणक

नेरच्या शाळेत जयाबाई मेश्राम गणित शिकवायच्या. शहाऐंशी साली शाळेत एक संगणक आला. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून प्रोग्राम भरायचा, असला. बाकीचे शिक्षक त्याला हात लावायला बिचकत. जयाबाई अमरावतीला जाऊन शिकून आल्या आणि मुलांना त्यावर प्रोग्राम लिहायला लावू लागल्या. पुढे नवे संगणक आले, तो अडगळीत गेला.

२००५ साली शाळेनं भंगार काढलं, तेव्हा मुख्याध्यापकांना विचारून जयाबाईंनी तो संगणक घरी आणला. पण ठेवायचा कुठं? कापसाचा भाव पडला म्हणून त्यांचे यजमान राजदीप यांनी माल विकला नव्हता. समोरची खोली कापसानं भरलेली. संगणक त्या ढिगावरच बसला.

"घरात कापूस कमी होता, म्हून हे आणलं काय?" राजदीप म्हणाले.

बाईंनी टीव्हीची वायर जोडून बटण दाबलं. संगणक मात्र सुरू होईना.

नागपूरला राहणाऱ्या प्रेरणा या जुन्या विद्यार्थिनीकडून ही गोष्ट जुने संगणक जमवणाऱ्या एका संग्राहकाच्या कानावर गेली. रविवारी ते एसटीनं आले. कीबोर्डवरचे कापसाचे तंतू फुंकून त्यांनी सगळं न्याहाळलं. एकही बटण बदललेलं नव्हतं, मागं शाळेचं नावसुद्धा शाबूत होतं. असे संगणक बहुतेक भंगारात गेले, ते सांगू लागले; घरी बसून यंत्राला स्वतः काम सांगायची सवय माणसाला यांनीच लावली, म्हणून शाबूत उरलेल्याला मोठी किंमत येते. त्यांनी देऊ केलेली किंमत ऐकून राजदीप लगबगीनं चहा सांगायला उठले.

बाई म्हणाल्या, आधी चालू तर करा. पाहुण्यांनी आतला एक जळका भाग बदलला. टूं असा आवाज झाला आणि टीव्हीवर अक्षरं उमटली. बाईंचे डोळे भरून आले. बोटांना सगळं आठवत होतं. त्यांनी सतराचा पाढा पडद्यावर धावता केला.

"याले कापसाचं समजते काय?" राजदीपनं विचारलं.

बाईंनी तसा प्रोग्राम लिहिला. राजदीपनं क्विंटल टाकले, भाव मनातला टाकला. आकडा पाहून ते पोट धरून हसले. "इतका भाव देणारा हाच येक भेटला. याले नाही इकत आपण."

पाहुणे मुळीच हिरमुसले नाहीत. जपून ठेवा, ओल लागू देऊ नका, एवढंच सांगून जास्तीचा एक सुटा भाग ते ठेवून गेले.

होळीआधी कापूस मिळेल त्या भावात गेला. रिकाम्या खोलीत टेबल मांडलं. पुढच्या खेपेला पाहुणे दोन मित्रांना घेऊन आले, तर राजदीपच त्यांना कॅसेटवरून प्रोग्राम कसा भरायचा ते समजावून सांगत होते.