ढेप-गुळाचा गोळा

समजा, तुम्हाला पाहुण्यांना अस्वल दाखवायचं आहे. दिवाळी होऊन आठवडा झालाय, सीताफळं पिकलीत, पाहुणे उद्या येणार आहेत. सकाळीच डोंगरात जाऊन तुम्ही वारुळं पाहाल. ताजी उकरलेली असतील तर आतली माती अजून ओलसर लागते. पाणवठ्याच्या कडेला ठसे शोधाल, वारा आपल्या तोंडावर येईल अशी दगडाआडची जागा धराल. पाहुण्यांना सांगाल, अत्तर लावू नका, तंबाखू मळताना टाळी वाजवू नका. एवढं करूनही अस्वल येईलच असं नाही. हे पाहुण्यांना पटवणं सगळ्यात अवघड.

पुंजाजींना ते तीन वर्षं जमलं नाही.

पुंजाजींचं गाव बुलढाण्याच्या पठाराखाली, डोंगराच्या पायथ्याशी. पस्तीस वर्षं त्यांनी संभाजीनगरच्या एका कंपनीत फिटरचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर बायकोला, केसरबाईंना घेऊन ते गावी परतले. एकाच पाळीतले त्यांचे दोन मित्र, देऊळगाव राजाचे हिंमतराव आणि उंद्रीचे नागसेन, दरवर्षी दिवाळीनंतर दोन दिवस मुक्कामाला येत.

सकाळी तिघं गावच्या पाझर तलावावर गळ टाकून बसत. तिथं पुंजाजींचा शब्द चाले. गळाला लावायचा गोळा त्यांच्या वडिलांच्या पद्धतीचा: शेंगदाण्याची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, भाजून कुटायची, त्यात कणीक आणि भरपूर गूळ. त्याच्या वासाला रोहू हमखास येई. वडिलांनी सोबत एक नेमही घालून दिला होता. उरलेला गोळा काठावर टाकायचा नाही, लांब पाण्यात फेकायचा आणि हात मातीनं घासायचे. "अस्वल गुळावर जीव टाकते," ते म्हणत. "काठावर यायची सवय लागली तं धुणंवाल्या बायांनी कुठं जावं?"

दुपारनंतर तिघं पाणवठ्याच्या वर जाऊन बसत. रोही, म्हणजे नीलगाई दिसत, मोर दिसत, वानरं तर अंगावर यायची बाकी असत. अस्वल मात्र नाही.

"काऊन बे पुंज्या," हिंमतराव म्हणत, "तुह्यं अस्वल आज बी खाड्यावर?"

"वारलं असंल," नागसेन म्हणत. "आपल्याले कळवलं नाही यानं."

"हाव, हसा. ते काय तुमचा सुपरवायझर आहे, टायमावर यायले?"

तिसऱ्या वर्षी निघताना हिंमतराव एसटीच्या पायरीवर थांबले. "पुंज्या, पस्तीस वर्षं डब्यासोबत तुह्यं अस्वल खाल्लं. एकडाव दाखव, नाही तं थाप होती म्हणून कबूल कर." सगळे हसले. पुंजाजीही हसले, पण ते वाक्य वर्षभर त्यांच्या कानातून गेलं नाही. त्या वर्षभरातच हिंमतरावांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. पुढच्या दिवाळीत फोन आला, "डॉक्टर म्हणते डोंगर बंद. या वर्षी येतो, मग नाही."

मित्र यायच्या चार दिवस आधी पुंजाजींनी मोठा गोळा मळला आणि पाणवठ्याजवळच्या सपाट दगडावर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी दगड चाटून स्वच्छ. मग रोज नवा गोळा, रोज त्याच वेळी, दुपारी चारला.

"अहो, डब्यातला गूळ कुठं गेला?" केसरबाईंनी विचारलं.

"गळाले."

"माशायले काय शुगर करून राह्यले?"

पाहुणे आले त्या दिवशी पाच वाजून गेल्यावर घाणेरीची झुडपं हलली. अस्वल आलं, पाठीवर पिल्लू घेऊन. ते सरळ दगडाकडे गेलं. चाटताना त्याचा सूं-सूं आवाज वरपर्यंत येत होता. पिल्लू घसरलं, पुन्हा केस धरून वर चढलं. नागसेन मोबाईल काढायचंही विसरले. हिंमतरावांनी पुंजाजींचा हात घट्ट धरला होता, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

खाली उतरताना ते एवढंच म्हणाले, "पुंज्या, माफ कर गड्या." त्या संध्याकाळी केसरबाईंनी तळलेला रोहू खाताना पुंजाजींना वाटलं, जन्माचं काम झालं.

पाहुणे गेले. पुंजाजींनी गोळा ठेवणं बंद केलं. बंद केलं की संपलं, एवढाच त्यांचा हिशेब होता. मशीनचं बटण दाबलं की मशीन थांबतं.

सहाव्या दिवशी सकाळी दोन घरं सोडून राहणाऱ्या गोजरबाई सीताफळं आणायला डोंगरात गेल्या. पाणवठ्याखालच्या वाटेवर अस्वलानं त्यांना धरलं. माणसांनी बाजेवर टाकून त्यांना सडकेपर्यंत आणलं. एक डोळा गेला, गाल शिवावा लागला.

चौकशीला आलेला वनरक्षक म्हणाला, "पिल्लू सोबत होतं, बाई अचानक समोर आल्या. या दिवसांत होते असं." सगळ्यांनी माना हलवल्या. पुंजाजींनीही हलवली. त्या दुपारी ते एकटे वर गेले. दगडाभोवतीची माती चारही बाजूंनी उकरलेली होती. अस्वल रोज येत होतं आणि शोधून जात होतं. पुंजाजींनी दगड मातीनं घासला, पुन्हा पुन्हा, हाताची सालं निघेपर्यंत.

हिंमतरावांचा अजून फोन येतो. "लग्नात चारचौघांत तुह्यं अस्वल सांगितलं बे! व्याही नुसते पाहून राह्यले." पुंजाजी हो हो म्हणतात. केसरबाईंनी गुळाबद्दल पुन्हा विचारलेलं नाही. त्या रोज दुपारी एक ताट झाकून पुंजाजींच्या हातात देतात, आणि ते गोजरबाईंकडे नेऊन देतात.

गोजरबाई अर्ध्या चेहऱ्यावर पदर ओढून ओट्यावर बसलेल्या असतात. एकदा त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही डोंगराचं जाणता. टोपली तं मी टाकून देल्ली होती. लोकांनी आणली तं एक सीताफळ हललं नव्हतं. मंग ते माह्याच मागं काऊन लागलं?"

पुंजाजींनी ताट खाली ठेवलं. डोंगरात जाणारी बाई कमरेला फडक्यात भाकर बांधून नेते. घरात असेल ते सोबत घेते, ठेचा नाही तर गूळ. गोजरबाईंचं फडकं कुणालाच सापडलं नाही.

"जेवून घ्या, बाई," एवढंच ते बोलले आणि घरी आले.

तेव्हापासून रोज ताट नेताना ते मनात तेच वाक्य जुळवतात आणि रोज तसंच परत आणतात: गोजरबाई, त्या दिवशी फडक्यात ठेचा होता, का गूळ?