नवगावकरांच्या दगडावरचं एक अक्षर

अकोल्यात स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर मायाचं दुकान आहे. वर पत्रा, भिंतीला टेकवलेल्या संगमरवराच्या नि काळ्या ग्रॅनाइटच्या पाट्या, आणि मधोमध पोत्यावर बसून छिन्नी चालवणारी माया. वय एक्कावन्न, शाळा सातवीपर्यंत. हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. देवमन सासरे म्हणजे पाट्या कोरण्यातला पक्का माणूस. त्यांनी एकदा अचलपूरच्या एका वकिलाची पाटी उर्दूत कोरली, कागदावरची अक्षरं बघून जशीच्या तशी. पण एक नुक्ता, म्हणजे वरचं टिंब, राहिला, वकिलाचं नाव भलतंच झालं आणि कचेरीत महिनाभर हशा पिकला. तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं की जे वाचता येत नाही ते कोरायचं नाही. सूनबाई दुकानावर बसली तेव्हा हा नियमही तिच्याकडे आला.

ऑगस्टातल्या एका सकाळी दुकानापुढे ऑटो थांबला. पंच्याहत्तरीच्या एक बाई उतरल्या, पांढरे आखूड केस, खांद्याला पिशवी. ऑटोवाल्याने मागून दगडाचे तीन तुकडे उचलून खाली ठेवले.

"मी एस्तेर नवगावकर. ठाण्याहून आले," बाई म्हणाल्या. "हा माझ्या वडिलांच्या कबरीवरचा दगड. ते इथे रेल्वेत गार्ड होते, एकसष्ट साली गेले. यंदाच्या वैशाखात वादळात कडुनिंबाची फांदी पडली आणि दगड फुटला. मला हुबेहूब असाच नवा करून हवाय."

मायाने तुकडे जुळवून पाहिले. खालच्या बाजूला मराठी होतं: दाविद शलोमो नवगावकर. वर दोन ओळी अनोळखी लिपीत, चौकोनी चौकोनी.

"हे काय हाय, बाई?"

"हिब्रू. आम्ही बेने इस्राएल, ज्यू. मराठी घरातली, हिब्रू प्रार्थनेतली."

"मंग हे मशीनवाल्याकडे न्या. आजकाल सारे तिकडंच जातेत."

"गेले होते." एस्तेरबाईंनी मोबाईलवर फोटो दाखवला. "त्याच्या कॉम्प्युटरने सगळी अक्षरं उलट्या क्रमाने लावली. हिब्रू उजवीकडून डावीकडे असते ना! वडिलांचं नाव शेपटाकडून सुरू झालं. मी सांगितलं, तर म्हणाला, मॅडम, कोण वाचणार आहे?"

हे ऐकून मायाला राग आला. कोण वाचणार म्हणजे काय? लिहिलं आहे म्हणजे कोणीतरी वाचणारच. त्या रागाच्या भरात तिने काम घेतलं आणि सासऱ्यांचा नियम तिच्या ध्यानातच राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पातळ कागदावर अक्षरं उतरवून घेतली आणि एका टाकाऊ फरशीवर पहिला शब्द कोरून पाहिला. एस्तेरबाई चार दिवस लॉजवर राहणार होत्या, त्या बघायला आल्या. चष्मा लावला, वाकल्या, आणि हसू दाबत म्हणाल्या, "मायाताई, माझ्या वडिलांचं नाव दाविद. तुम्ही त्यांना रोर करून टाकलंत."

दगडाची चीर नेमकी त्या शब्दाच्या डोक्यावरून गेली होती. अक्षरांचे कोपरे उडाले होते, मायाने अंदाजाने ते गोल केले. अक्षराचा कोपरा टोकदार असला तर ते दालेत, म्हणजे द. कोपरा गोल झाला की ते रेश, म्हणजे र.

"म्हणजे आपल्या घ आणि ध सारखं," माया म्हणाली. "मंग असं नाई चालत, बाई. मले हे वाचता आलं पाह्यजे. तुमी शिकवान काय?"

"तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं," एस्तेरबाई पोत्यावर बसत म्हणाल्या, "हिब्रू कोणी मागितलीच नाही. चला, घ्या पाटी."

दगडाच्या दुकानात पाटीला काय तोटा! खडूने एस्तेरबाईंनी बावीस अक्षरं काढली. मायाचा हात सवयीने डावीकडून सुरू व्हायचा, तो दर वेळी त्या धरून उजवीकडे न्यायच्या. दालेत म्हणजे दारच, त्या म्हणाल्या, आणि मायाला चौकट दिसली: दाराचा कोपरा गोल कसा असेल? तिथून पुढे दालेत चुकला नाही. पहिला अख्खा शब्द तिने वाचला तो "शलवम".

"शलोम," एस्तेरबाई म्हणाल्या. "तो मधला वाव, म्हणजे व, इथे 'ओ' होतो."

"आन् हे कसं समजाचं? मात्रा नाई, वेलांटी नाई, काना नाई!"

"लहान मुलांसाठी खाली टिंबं देतात. मोठ्यांनी ओळखून वाचायचं."

"मंग मी लहानच बरी," माया म्हणाली.

चार दिवसांनी एस्तेरबाई ठाण्याला गेल्या, तरी शिकवणी थांबली नाही. दुपारी दोनला दुकानावर सामसूम असते, तेव्हा फोन यायचा. माया अक्षरं काढून कॅमेऱ्यासमोर धरायची, एस्तेरबाई चुका काढायच्या. नांदगाव पेठला कापड कारखान्यात कामाला असलेली लेक नीलम, तिने टिंबांसकट मुळाक्षरांचा तक्ता छापून आणला. तो माया स्वयंपाकघरात लावून बसली. एका संध्याकाळी तिचा नवरा प्रीतम अकोटची गाडी सोडून घरी आला, तर परातीतल्या पिठात बोटाने अक्षरं काढणं चालू.

"कावून वं, पीठ मळून राहिली का उलटं लिहून राहिली?"

"उलटं नाई, सुलटंच हाय. उजवीकडून पाहा."

प्रीतम परातीच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मले तं इथूनबी भाकरच दिसून राहिली, ते बी कच्ची." पण दुसऱ्या दिवसापासून जेवताना तो एकेका अक्षरावर बोट ठेवून विचारू लागला, हे कोण, ते कोण. एसटीचा ड्रायव्हर, पाट्या वाचण्यात हुशार. लामेद, म्हणजे ल, त्याने तिच्याआधी पाठ केला.

दोन महिन्यांत मायाला अक्षरं जुळवून वाचता येऊ लागली. मग तिने मूळ दगडाचे तुकडे पुसून घेतले, उन्हात तिरपे ठेवले आणि पहिल्यापासून एकेक अक्षर वाचायला बसली. दाविद, बरोबर. पुढचा शब्द बेन, म्हणजे अमक्याचा मुलगा, हे तिला एस्तेरबाईंनी सांगून ठेवलं होतं. तो शब्द पाहून ती थबकली. बेत या अक्षराला खाली उजवीकडे टोक बाहेर निघालेलं असतं. इथे टोकच नव्हतं, पाठ गोल होती. तिने नखाने चाचपलं, भिंग लावलं. झिजलंय म्हणावं तर बाजूची अक्षरं खणखणीत होती. हे बेत, म्हणजे ब, नव्हतं; काफ होतं, म्हणजे क.

दोनची वाट न बघता तिने फोन लावला.

"बाई, रागावू नका. तुमच्या दगडावर बेन नाई. केन हाय."

"नाही हो," एस्तेरबाई म्हणाल्या, "मी लहानपणापासून तो दगड वाचतेय. माझा भाऊ वाचायचा, आई वाचायची."

"तुमाले पाठ हाय म्हणून तुमी वाचता. मले पाठ नाई, मी पाहून वाचतो." तिने भिंगातून फोटो काढून पाठवला.

मायाला वाटलं, म्हातारीचं मन दुखावलं. तेवढ्यात पलीकडून एकदम हसणं फुटलं. थांबेचना.

"मायाताई, केन म्हणजे काय माहीत आहे? केन म्हणजे हो! दाविद, हो, शलोमो! साठ वर्षं माझे वडील तिथे 'हो' म्हणत पडून आहेत!" त्या डोळे पुसत असाव्यात. "आणि ते होतेच तसे. कोणी ड्यूटी बदलून मागो, कोणी छत्री मागो, यांचं आपलं 'हो'. आई म्हणायची, ह्यांना नाही म्हणायला कोणी शिकवलंच नाही."

"मंग नव्यावर काय कोरू?"

त्यावर एस्तेरबाईंनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बेन कोरा. शलोमो आजोबांना त्यांचा मुलगा परत मिळू दे. जुना तुकडा मात्र पायथ्याशी बसवा, 'हो'सकट."

डिसेंबरात दगड उभा राहिला. रेल्वेलाइनच्या पलीकडे कडुनिंबाखाली ज्यूंच्या पाच कबरी, भोवती तारेचं कुंपण. एस्तेरबाई आणि त्यांचा भाचा ठाण्याहून आले होते. प्रीतमने सुट्टी घेऊन सिमेंट कालवलं, नीलमने पाणी आणलं. प्रार्थना झाल्यावर एस्तेरबाई मायाला म्हणाल्या, "आता तुम्ही वाचा."

मायाने पदर खोचला आणि अडखळत, पण न चुकता वाचलं, "दाविद बेन शलोमो." प्रीतमने न राहवून टाळी वाजवली आणि जागा आठवून लगेच हात मागे घेतले. एस्तेरबाईच म्हणाल्या, "वाजवा, वाजवा. गार्डसाहेबांना आवडलं असतं."

सगळे निघाले, पण माया पलीकडच्या एका बसक्या दगडापाशी जाऊन उकिडवी बसली. त्याचा खालचा मराठी भाग खपल्या निघून पार गेला होता. वरचं हिब्रू तेवढं उरलं होतं. तिने बोटाने माती काढली.

"र... मंग ह... ल." तिने मान वर केली. "बाई, राहेल?"

एस्तेरबाई काठी टेकत आल्या. "राहेल. ही कोण होती, मला माहीत नाही. नाव कधी वाचलंच नव्हतं. आम्ही आपले वडिलांपाशी येऊन परत जायचो."

"पुढं बेत हाय, आन् हे दोन पायाचं, याचं नाव तं मले आठवून नाई राह्यलं."

"ताव, म्हणजे त. बात, म्हणजे लेक. राहेल, अमक्याची लेक."

अमक्याचं नाव फुटून गेलं होतं. एस्तेरबाईंनी तिच्यासाठीही प्रार्थनेच्या दोन ओळी म्हटल्या. माया दगडाची लांबी-रुंदी वितीने मोजत म्हणाली, "हिचा बी दगड म्या करून देतो. बाईची जात, बिनानावाची नको राह्याले."

"आणि उरलेले तीन?" भाच्याने विचारलं.

"उरलेले तीन अजून वाचाचे हायत," माया म्हणाली आणि पुढच्या दगडाकडे सरकली.